काना दोनदा उमटतोय? टॅक्टाइल स्विचचा परत परत येणारा त्रास

जूनपासून माझ्या कीबोर्डवर "काका" लिहिलं की "काकाा" व्हायचं. रोज नाही, दर वेळी नाही, दहा-पंधरा ओळींत एकदा. इंग्रजीत एखादा ई जास्त पडला तर पटकन दिसतो, पुसला की झालं, पण मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ठरलेल्या कीबोर्ड लेआउटवर टाइप करते आणि इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी ईच्या बटणावरच काना आहे, म्हणजे मराठीत सगळ्यात जास्त मार खाणारं बटण. एका अक्षराला दोन काने लागले की दुसरा काना ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसतो, स्क्रीनवर चष्म्याशिवाय कळत नाही आणि छापून आलं की आख्ख्या पानात तेवढंच दिसतं. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं टायपिंग माझ्याकडे असतं, त्यात हे गोल वेचत बसायचं म्हणजे तांदूळ निवडण्यातलाच प्रकार. दोन काने शोधून एक करायचं फाइंड-रिप्लेस करून वेळ मारून नेली, पण तो काही उपाय नाही.

कीबोर्ड भाच्यानं मागच्या दिवाळीत जोडून दिलेला. हॉट-स्वॅप बोर्ड, म्हणजे स्विच सोल्डर न करता काढता-घालता येतात, आणि टॅक्टाइल स्विच, म्हणजे बटण अर्ध्यात गेलं की बोटाला एक छोटा उंचवटा लागतो, तोच बंप. आवाज कटकट होत नाही पण बोटाला कळतं की अक्षर गेलं. मला फार आवडतो तो, लिनिअर, म्हणजे बंप नसलेल्या स्विचवर मला लोण्यात बोट घातल्यासारखं वाटतं. तर भाच्याला फोन केला, तो म्हणाला "मावशी, पावसाळा लागलाय, दमट हवा, काही दिवसांनी जाईल आपोआप." जेल रोडवर मोबाइल रिपेअरवाल्याकडे आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायला गेले तर तो म्हणाला "दीदी, नया ले लो, ये सब टाइमपास है." दोघांचंही ऐकलं नाही ते बरं केलं. पण माझंही पहिल्या तीन वेळा चुकलंच, आणि कुठे चुकलं तेच लिहितेय, कारण हा त्रास एकदा जाऊन परत येतो असं म्हणणारे बरेच जण भेटतात.

सगळ्यात आधी दोष कोणाचा ते ठरवा. की टेस्टर, म्हणजे कोणतं बटण लागलं ते दाखवणारं वेबपेज उघडून बटण पन्नास वेळा सावकाश आणि पन्नास वेळा जोरात दाबा, किती वेळा डबल आलं ते मोजा. मग तो स्विच पुलरनं, म्हणजे स्विच उपटायच्या चिमट्यानं काढा आणि आपण कधीच वापरत नाही अशा बटणाच्या स्विचशी अदलाबदल करा, मी पॉजच्या बटणाशी केली. आता पॉज डबल यायला लागला आणि काना सुधारला, म्हणजे आजार स्विचबरोबर गेला, बोर्ड निर्दोष. उलट आजार जागेवरच राहिला असता तर सॉकेट किंवा सोल्डर. आणखी खात्री करायची तर स्विच काढून सॉकेटच्या दोन भोकांतले धातू चिमट्यानं क्षणभर जोडा, अक्षर उमटलं म्हणजे तिथून पुढे सगळं ठीक. इथे एक गोष्ट सांगते, स्विच परत बसवायच्या आधी त्याच्या दोन पिना डोळ्यासमोर धरून बघा. वाकडी पिन सॉकेटमध्ये न जाता बोर्डावर आडवी झोपते, वरून स्विच बसलेला वाटतो, आणि मग कधी लागतं कधी नाही. नखानं सरळ केली की झालं. बोर्डाला खालून हाताचा टेकू देऊन स्विच दाबा, नाहीतर सॉकेटच बोर्डापासून उचकटतो आणि मग ते सोल्डरिंगचं काम होऊन बसतं. काही स्वस्त बोर्डांचे सॉकेट बारीक पिनांसाठीच असतात, त्यात जाड पिनेचा स्विच दाबून घुसवला तर भोक सैल होतं आणि नंतर मूळचा बारीक पिनेचा स्विचही त्यात डुगडुगतो, तेव्हा अदलाबदल करताना एका जातीचेच स्विच वापरा.

आता माझं जिथे चुकलं ते. मी पहिल्यांदा कीकॅप, म्हणजे बटणाची टोपी काढली, स्टेम, म्हणजे तिच्याखालचा दांडा दाबून धरला, फटीतून दोन थेंब आयपीए सोडलं, वीस-पंचवीस वेळा टकटक केलं, वाळू दिलं. एकदम झकास. पंधरा दिवस काना एकेकच आला. मग परत सुरू. परत तेच केलं, या वेळी दहा दिवस. तिसऱ्यांदा चार दिवस. दर खेपेला औषधाचा असर कमी, असं आजारात होतं ना तसं. तेव्हा म्हटलं आता पोट फाडूनच बघू.

स्विच उघडल्याशिवाय हे समजत नाही म्हणून थोडं आत घेऊन जाते. आपल्याकडे मिळतात ते बहुतेक स्विच चेरीच्या एमएक्स घाटाचे, कंपनी कोणतीही असो. वरचं हाऊसिंग, म्हणजे कवच, खालचं हाऊसिंग, मधे वरखाली होणारा स्टेम, त्याखाली स्प्रिंग, आणि एका बाजूला तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पत्त्या. एक पत्ती जागेवर पक्की, दुसरी लवचिक, तिला दोन हात असतात. स्टेमला त्या बाजूनं दोन पाय असतात. बटण वर असताना हे पाय लवचिक पत्तीच्या हातांना ढकलून धरतात, म्हणजे दोन पत्त्यांमधे फट, सर्किट उघडं. बटण खाली गेलं की पाय बाजूला होतात, पत्ती स्वतःच्या ताणानं परत येते आणि पक्क्या पत्तीला चिकटते, अक्षर उमटतं. म्हणजे बोट पत्त्या जोडत नाही, बोट फक्त अडथळा काढतं. हे मला चाळिशी उलटून गेल्यावर कळलं, इतकी वर्षं वाटायचं आपण दाबतो म्हणून लागतं.

लिनिअर स्विचमध्ये त्या पायांचा उतार सरळ असतो. टॅक्टाइलमध्ये त्याच पायांवर एक टेकाड असतं. बटण खाली जाताना टेकाड पत्तीच्या हातांना आधी आणखी बाहेर ढकलतं, त्याला जास्त जोर लागतो, तोच बोटाला लागणारा बंप, आणि टेकाड ओलांडलं की पत्ती एकदम आत पडते आणि जाऊन चिकटते. एमएक्स ब्राउनमध्ये बटणाचा एकूण प्रवास ४ मिमी आणि साधारण २ मिमीवर अक्षर लागतं, टेकाड त्याच्या जरा आधी. नव्या जड टॅक्टाइल स्विचमध्ये टेकाड मोठं आणि अगदी वरपासूनच सुरू होतं, लोक त्यांच्यावर जीव टाकतात.

म्हणजे गंमत काय, की बंप देणारी पत्ती आणि वीज जोडणारी पत्ती एकच. दोन कामं, एक नोकर. त्यामुळे बंप गुळगुळीत करायला म्हणून तिथे जे काही लावाल ते विजेच्या वाटेवर पण लावलंत, आणि वीज सुधारायला जे काही पुसाल त्यानं बंप पण बदलतो. लिनिअरवाला माणूस स्टेमच्या पायांना थोडं ग्रीस लावतो आणि त्याचं बहुतेक वेळा चालून जातं. टॅक्टाइलमध्ये टेकाड दर दाबाला पत्तीवर घासतं, ग्रीस ओढून ओढून वर नेतं, पत्तीच्या हातांवरून ते हळूहळू टोकाकडे सरकतं, जिथे दोन धातू भेटतात. तिथे बारीकसा थर बसला की पत्ती चिकटते, जरा घसरते, सुटते, परत चिकटते. कॉम्प्युटरला ते दोन वेळा दाबल्यासारखं दिसतं. यालाच चॅटर म्हणतात.

भाच्यानं पायांवर ग्रीस लावलं होतं. प्रेमानं लावलं होतं, भरपूर लावलं होतं. स्विच उघडला तेव्हा पत्तीवर पांढरट साय दिसत होती. आणि शेजारच्या स्विचमध्ये जिरावण. हो, पोह्यांवर भुरभुरवतो ते जिरावण, एमएक्स घाटाचा स्विच वरून उघडाच असतो, बारीक पूड सरळ आत जाते, आणि त्यात मीठ असतं, पत्तीला ते मुळीच मानवत नाही. शेव निदान मोठी असते, कीकॅपखालीच अडकते. तेव्हापासून पोहे टेबलावरून हद्दपार, चहा फक्त चालतो.

मग अल्कोहोलनं तात्पुरतंच का बरं वाटायचं? कारण स्विचमध्ये लोक जे ग्रीस सगळ्यात जास्त वापरतात ते क्रायटॉक्स २०५जी० किंवा तसलंच, आणि ते साधं तेल नाही. फ्लोरिनवालं पीएफपीई तेल आणि त्यात पीटीएफईची पूड, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. हे आयपीएमध्ये विरघळतच नाही. पेट्रोलमध्ये नाही, थिनरमध्ये नाही, त्याला वेगळं फ्लोरिनवालं सॉल्व्हंट लागतं जे तुमच्या-माझ्या घरात नसतं. मी थेंब सोडून टकटक करत होते तेव्हा ग्रीस विरघळत नव्हतं, नुसतं ढवळलं जाऊन इकडचं तिकडे होत होतं. टोकावरून बाजूला सरलं, चार दिवस बरं वाटलं, पायांवरचा साठा तसाच, तो परत आला. शिवाय मी दर वेळी खालच्या कोपऱ्यातलंही ग्रीस हलवून पत्तीकडे पाठवत होते, म्हणूनच प्रत्येक खेपेला मुदत कमी होत गेली. तीन महिने मी स्वतःच खेळ लांबवत होते, पावसाळ्याचा काही संबंध नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, दमट हवेत धुळीचा चिखल होतो, पण माझ्या केसमध्ये तो आरोपी नव्हता.

मग केलं काय ते सांगते. स्विच ओपनरनं चार कड्या सोडवून उघडा, ओपनर नसेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरनं एकेक कडी, पण घाई केली की कडी तुटते. उघडताना स्प्रिंग उडते, खाली पांढरं ताट ठेवा, आमच्या फरशीवर उडालेली एक स्प्रिंग अजून सापडलेली नाही. स्टेम आणि खालचं हाऊसिंग पत्त्यांसकट कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं बुडवा. मऊ टूथब्रशनं स्टेमचे पाय चारी बाजूंनी घासा. साबणानं पण हे ग्रीस विरघळत नाही, पण ब्रशच्या घासण्यानं सुटून निघतं, आणि घासणं हाच खरा इलाज आहे. पत्तीला मात्र ब्रश लावायचा नाही, ब्रशचा एक केस हातात अडकला की पत्ती वाकते. पत्तीच्या टोकांमधून साध्या कागदाची पट्टी, त्यावर आयपीएचा एक थेंब, हलक्या हातानं दोन-तीनदा ओढा, ग्रीस कागद उचलतो. व्हिजिटिंग कार्ड नको, ते जाड असतं. सँडपेपर किंवा नेल फाइल तर चुकूनही नको, टोकाला सोन्याचा पातळ थर असतो, तो गेला की स्विच गेला. नंतर साध्या पाण्यानं धुवा, शेवटी आयपीएमधून बुडवून काढा म्हणजे पाणी निघून जातं, आणि आख्खी रात्र पंख्याखाली.

परत जोडताना खालच्या हाऊसिंगमधल्या दोन उभ्या खाचा, जिथे स्टेम घासत वरखाली होतो, तिथे ब्रश नुसता टेकवला असं वाटेल एवढंच ग्रीस. टॅक्टाइलला २०५ जाड पडतं, पातळ ट्रायबोसिस ३२०३ जास्त बरं. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना थोडं तेल, म्हणजे ती टिंग वाजत नाही. आणि स्टेमचे पाय कोरडे. पूर्ण कोरडे. पायांच्या उलट्या बाजूला, मागे, हवं तर लावा, पण टेकाडावर काही नाही. भाचा म्हणाला मग खरखर येईल, आली थोडी, आठवडाभरात वापरून गेली. वर दुसरा फायदा म्हणजे बंप परत आला. मला वाटत होतं स्विच जुने झाले म्हणून बंप मऊ पडलाय, तर तो ग्रीसखाली गाडला गेला होता.

तर तुमच्याकडे अक्षर डबल येतंय आणि त्याच बटणाचा बंप बाकीच्यांपेक्षा मऊ लागतोय, अशी जोडगोळी असेल तर ग्रीसचाच संशय घ्या. डबल येतंय पण बंप कडक आहे, तर धूळ, गंज किंवा पिन बघा. आणि अक्षर कधी कधी येतच नाही आणि बंपही गायब, तर बहुतेक पत्ती वाकलीय. हे तिसरं स्विच जोडताना होतं. स्टेम उलटा बसवला किंवा पाय पत्तीच्या वरून न जाता पत्तीवरच टेकले आणि आपण हाऊसिंग दाबून बंद केलं, की पत्तीचे हात स्टेमपासून दूर चेपतात. मग टेकाडाला ढकलायला काही उरत नाही, म्हणून बंप नाही. माझे दोन असे झाले, मीच केले. बारीक चिमट्यानं हात एका वेळी केसभर स्टेमच्या बाजूला ओढायचे, जोडून बघायचं, परत केसभर. जास्त ओढलं तर पत्ती टोकाला पोचतच नाही. एक जमला, एक कचऱ्यात गेला. एका स्विचवर संध्याकाळ घालवण्यात अर्थ नसतो, पण तेव्हा सुचत नाही.

स्प्रिंगबद्दल थोडं. मोठं टेकाड आणि हलकी स्प्रिंग असा जोड असला तर वर येताना स्टेम टेकाडाशी रेंगाळतो, कारण परत येतानाही त्याला पत्ती ढकलावीच लागते आणि तेव्हा जोर फक्त स्प्रिंगचा, बोटाचा नाही. अर्गो क्लिअर म्हणून एक प्रकार लोक घरी करतात, चेरीच्या क्लिअर स्टेमखाली हलकी स्प्रिंग, त्यात फार हलकी घातली की बटण खालीच अडकतं अशी तक्रार असते ती यामुळेच. रेंगाळणारं बटण काठावर असताना पत्ती लागू की सुटू करते आणि तिथेही डबल येतं. हे ओळखायचं कसं, तर बटण दाबून बोट अगदी हळू वर घ्या, डबल वर येताना पडलं तर स्प्रिंग किंवा घर्षण, खाली जाताना पडलं तर टोकाची घाण. माझा अंदाज या टेस्टवर बहुतेक वेळा बरोबर आलाय.

फर्मवेअरचा, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरचा उपाय पण आहे, तो शेवटी सांगतेय कारण लोक त्याच्यापासूनच सुरू करतात. धातूवर धातू आपटला की तो थोडा उसळतोच, नवा कोरा स्विचसुद्धा, म्हणून कीबोर्ड काही मिलीसेकंद वाट बघतो, त्याला डिबाऊन्स म्हणतात. क्यूएमके फर्मवेअरमध्ये तो डिफॉल्ट ५ मिलीसेकंद असतो. तो १० किंवा १५ केला तर बरेचसे डबल गिळले जातात, आणि टायपिंगला काही फरक पडत नाही, मिनिटाला ६० शब्दांच्या स्पीडनं इंग्रजी टाइप करणाऱ्याच्याही दोन अक्षरांमध्ये सरासरी २०० मिलीसेकंद असतात. गेमवाल्यांची गोष्ट वेगळी. पण त्यात ईगर नावाचा एक प्रकार आहे जो अक्षर लगेच पाठवतो आणि मग डोळे मिटतो, आणि डिफर नावाचा जो सगळं शांत होईपर्यंत थांबतो, घाणेरड्या स्विचला डिफर बरा. स्मरणिका प्रेसला जायच्या आदल्या आठवड्यात मी हेच केलं होतं, १५ ठेवून. घाई असेल तर करा, पण माझं मत असं की हे दुखण्यावर क्रोसिन आहे, ग्रीस आत सरकतच राहतं आणि एक दिवस १५ पण पुरत नाही.

हे सगळं एमएक्स घाटाला लागू. तुमच्याकडे कोणाचा जुना आल्प्स स्विचचा कीबोर्ड असेल तर तिथे बंपची पत्ती वेगळी आणि वीज जोडणारी वेगळी असते, त्यामुळे बंप मऊ पडला म्हणून कॉन्टॅक्ट बिघडला असं म्हणता येत नाही, दोन्ही स्वतंत्र तपासायचे. टोप्रे नावाच्या स्विचमध्ये बंप रबराच्या घुमटाचा, तो कोसळतो तेव्हा बोटाला कळतं, आणि अक्षर कपॅसिटन्सवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतल्या बदलावर ओळखलं जातं, धातू धातूला लागतच नाही, तिथे पत्ती पुसायचा प्रश्नच नाही. आयबीएमच्या १९८५च्या मॉडेल एममध्ये स्प्रिंगच बाजूला वाकते आणि तिच्या पायाशी असलेला छोटा हातोडा खालच्या मेंब्रेनवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ थरांवर पडतो, त्यात ग्रीसची ब्रशबिश घेऊन शिरू नका.

भाचा गणपतीत आला होता, त्याच्यासमोर ताट मांडून काना, हलंत, र आणि त, असे सगळ्यात जास्त वापरातले चार स्विच उघडून दाखवले. तो म्हणाला "मावशी, व्हिडिओत तर पायांना पण लावतात." म्हटलं तो लिनिअरचा व्हिडिओ असेल, परत बघ. त्यानं तिथेच मोबाइल काढून बघितला, आणि मग काही न बोलता दुसऱ्या स्विचचा स्टेम घासायला घेतला. बाकीचे ऐंशी स्विच तो दिवाळीच्या सुट्टीत धुणार आहे, तोपर्यंत चार धुतलेल्यांवर काम चाललंय, आणि वेलांटीचं बटण कालपासून जरा मऊ लागतंय.